सरासरी चार मिनिटं

आमच्या तातडीच्या विभागाबाहेर, बाकांसमोरच्या भिंतीवर एक फलक आहे. वर लिहिलंय, 'डॉक्टर भेटेपर्यंतची आजची सरासरी प्रतीक्षा', आणि त्याखाली लाल दिव्यांचा आकडा. गेला महिनाभर तो आकडा चार आहे. कधी तीन होतो, तेव्हा अधीक्षक त्याचा फोटो काढतात. पाच झाला की मला फोन करतात.

बाकांवर कोणत्याही वेळी तीस-चाळीस माणसं असतात. त्यातली बरीचशी तासभर तिथेच असतात आणि दुसरं काही बघायला नसल्यामुळे फलकाकडे बघत असतात. अजून कोणी त्यावर चप्पल फेकलेली नाही. याला सहनशक्ती म्हणायचं की छापील आकड्यावरची श्रद्धा, ते मला ठरवता आलेलं नाही.

हे कसं जमतं ते सांगते, कारण युक्ती माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माणूस खिडकीशी आला की लगेच संगणकात त्याची नोंद व्हायची आणि फाइल छापून आत माझ्या टेबलावर यायची. आत जागा नसायची, त्यामुळे फाइलींचा ढीग व्हायचा. एकदा सारख्या आडनावाच्या दोघांच्या फाइली बदलल्या आणि मूतखड्याच्या माणसाच्या घोट्याचा एक्स-रे निघाला. घोट्यात अर्थातच खडा नव्हता. त्या दिवशी मी खिडकीवाल्या ताईंना सांगितलं, आतली खुर्ची रिकामी झाल्याशिवाय नोंद करायची नाही. तोवर वहीत लिहून क्रमाने बसवा. स्ट्रेचरवरून येणारे आणि रक्तबंबाळ झालेले सरळ आत. वही फक्त आपल्या पायांनी चालत येणाऱ्यांसाठी.

हार्ट अ‍ॅटॅकचे रुग्णही बऱ्याचदा आपल्या पायांनीच चालत येतात, हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले होते.

संगणक नोंदीच्या क्षणालाच 'आगमन' म्हणतो. म्हणजे माणूस बाकावर तासभर कण्हत असला तरी तो अजून आलेला नसतो. खुर्ची रिकामी होते, तेव्हा तो येतो, आणि आल्यापासून चार मिनिटांत त्याला डॉक्टर भेटतो.

पुढे वरून परिपत्रक आलं, की प्रत्येक रुग्णालयाने प्रतीक्षेचा काळ कळवावा. इतरांचे आकडे चाळीस, पन्नास, एकाचा तर सत्तर. आमचा चार. अधीक्षकांचं कौतुक झालं, अधीक्षकांनी माझं केलं, आणि बक्षीस म्हणून विभागाला दुसरं इसीजी यंत्र मिळालं. त्या यंत्रासाठी मी तीन वर्षं अर्ज करत होते. अर्जात खरी कारणं लिहिली होती, त्यामुळे ते मिळालं नव्हतं. यंत्र आलं त्या दिवशी मी अधीक्षकांना आकड्याचं खरं काय ते सांगणार होते. मग यंत्रावरचं प्लॅस्टिक काढलं, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी किती स्वच्छ येते ते बघितलं, आणि तो विषय उद्यावर टाकला.

घरी हा आकडा आईने पेपरात वाचला. माझी आई निवृत्त गणित शिक्षिका. पेपर ती हातात पेन्सिल घेऊन वाचते आणि आरोग्यमंत्र्यांच्या बातमीखाली रेघ मारते. ते तिचे आवडते मंत्री आहेत, कारण ते वेळेवर येतात असं तिने कुठेतरी ऐकलंय.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "आणि तू रोज येऊन म्हणतेस, काही धड चालत नाही."

"मी माणसं कमी आहेत म्हणते."

"माणसं कमी असून चार मिनिटं. म्हणजे मंत्र्यांचं नियोजन बघ."

"आई, मंत्र्यांनी आजवर एकही पेशंट तपासलेला नाही."

"आमच्या मुख्याध्यापकांनी तरी कुठे काय शिकवलं? शाळा चालायचीच ना."

इथे सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मीठ दे." तिने मीठ दिलं आणि छाती चोळत म्हणाली, की दोन दिवस जळजळतंय, जबड्यापर्यंत जातं. मी मान वर न करता म्हटलं, "गॅस असेल. रात्रीचं हलकं जेव." बाकावरच्या परक्या माणसाला मी इतक्या कमी वेळात कधीच वाटेला लावलेलं नाही. तो निदान 'तुम्ही मला तपासलंसुद्धा नाही' असं म्हणतो. घरच्यांना ती सोय नसते.

फलकाच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. फलक महिनाभर चालू होता हे खरं, पण फीत कापल्याशिवाय कोणतीही गोष्ट सुरू झालेली नसते, जशी नोंद झाल्याशिवाय आमची माणसं आलेली नसतात. सकाळपासून दुसऱ्या विभागांतल्या कुंड्या आमच्याकडे येत होत्या. पुढच्या दोन बाकांना रंग दिला होता आणि तो वाळला नव्हता, म्हणून त्या बाकांवरची माणसं उभी होती. फलकाला लाल फीत बांधली होती. तिची गाठ एवढी मोठी, की वरची सगळी अक्षरं झाकली गेली होती आणि नुसता चारचा आकडा दिसत होता.

आत माझं नेहमीचं चाललं होतं. एकाच्या बोटात लग्नाची अंगठी अडकली होती, आणि बायको सांगत होती, की कापायची नाही. एक गृहस्थ इंटरनेटवरून छापलेली अकरा पानं घेऊन आले होते. त्यांना झालेला रोग आजवर जगात नऊ जणांना झालेला होता आणि ते नऊही जण, मी पानं चाळली तेव्हा कळलं, बायका होत्या आणि बाळंत होत्या. दुसऱ्या एकाची पाठ पावणेदोन वर्षं दुखत होती.

"मग आज तातडीने का आलात?"

"आज सुट्टी होती."

साडेदहाच्या सुमाराला एक कार्यकर्ता सहा जणांसह आत घुसला. मंत्र्यांच्या कात्रीला धार आहे का हे बघताना त्याने स्वतःचं बोट कापून घेतलं होतं. वहीचा नियम त्याला लागू नव्हता. रक्त वाहत होतं, हे तो बोट दाबून सिद्ध करत होता. रिकामी झालेली खुर्ची त्याने घेतली.

"ओळखलंत ना मॅडम मला?"

"रक्तगट सांगा, म्हणजे ओळख पटेल."

"टाके पडतील का?"

"एक पट्टी पडेल."

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, कात्रीला धार आहे."

सिस्टरने पट्टी लावली. फोटो काढून झाल्यावर ते सातही जण गेले. सिस्टरने दार उघडून "पुढचे" म्हटलं, बाहेर ताईंनी नोंद केली, आणि पाठदुखीवाल्याची चिठ्ठी पूर्ण करून मी वर बघितलं, तर खुर्चीत माझी आई बसली होती. मांडीवर निळी पिशवी. कपाळावर घाम, आणि चेहऱ्याचा रंग मी रोज ज्यांना घाईने पलंगावर घेते त्यांचा असतो तसा.

"तू इथे काय करतेस?"

"रांगेत होते."

"किती वेळ?"

तिने मनगट वळवून घड्याळ बघितलं. "माझ्या घड्याळात मी नऊ बावन्नला आले. म्हणजे छप्पन्न मिनिटं झाली. पण समोर चार लिहिलं होतं. म्हटलं, आपलंच घड्याळ पळत असणार."

हे ती खरं बोलत होती की मला टोचत होती, ते मला आजही माहीत नाही.

"मला फोन करायचा होतास. मी अकरा पावलांवर आहे."

"तुझ्या ओळखीने आत शिरू? एवढी माणसं बसली होती बाहेर. आणि तूच म्हणालीस ना, गॅस आहे."

तिला पलंगावर घेतलं. बक्षिसाच्या यंत्राने पट्टी काढली. सुरेख पट्टी आली, एकही रेघ थरथरलेली नव्हती. अशी पट्टी पुस्तकात छापतात. हृदयाच्या समोरच्या भागाला रक्त पुरवणारी शीर बंद होती. सिस्टरने माझ्या हातातून पट्टी घेतली, बघितली आणि गोळ्या काढायला गेली. मी वरच्या मजल्यावर हृदयविभागात फोन लावला. दहा चोपन्न झाले होते. तिथला डॉक्टर एकेकाळी माझ्या हाताखाली शिकलेला.

"पट्टी पाठवलीय. लगेच वर आणते आहे."

"पट्टी बघितली मॅडम, अँजिओप्लास्टी करावीच लागेल. पण टेबलावर एक जण आहेत, आत्ताच घेतलंय, अजून सुरू केलेलं नाही. पाऊण तास लागेल."

"तातडीचे आहेत?"

"ठरलेले आहेत. मंत्र्यांच्या सचिवांचे साडू."

"काय त्रास आहे त्यांना?"

"त्यांना काही नाही, नुसती तपासणी आहे. त्रास सचिवांना आहे." कळफलकाचा आवाज आला. "तुमच्या पेशंटचं आगमन दहा चव्वेचाळीस आहे. दारात आल्यापासून नव्वद मिनिटांत शीर उघडायची, म्हणजे बारा चौदापर्यंत मुदत आहे. हे संपवून घेतलं तरी आरामात बसतंय."

"ती नऊ बावन्नला आलीय."

"संगणकात दहा चव्वेचाळीस आहे."

"संगणकात काय आहे ते मला माहीत आहे. ती माझी आई आहे."

"मॅडम, मग तर कागदावर हवंच. आईसाठी वेळ मागे सरकवली म्हणतील. नऊ बावन्न असेल तर मुदत अकरा बावीसला संपते, मी यांना या मिनिटाला टेबलावरून उतरवतो. पण नोंदीत दिसू दे. साडूंना उतरवायला तोंडी कारण पुरणार नाही."

तो चुकीचं काही बोलत नव्हता. मी शिकवलं होतं तसंच बोलत होता, नोंदीत नाही ते घडलेलं नाही. पाऊण तासात हृदयाचा किती स्नायू मरतो, हेही त्याला मीच शिकवलं होतं.

मी खिडकीकडे गेले. आगमनाची वेळ दुरुस्त करायला माझा पासवर्ड लागतो आणि पुरावा लागतो, आणि पुरावा ताईंच्या वहीत होता. संगणकाला काही माहीत नसलं तरी वही कधी खोटं बोलली नव्हती; बोलली असती तर बाकांवर मारामाऱ्या झाल्या असत्या. नावांचा घोळ नको म्हणून ताई माणसांच्या खुणा लिहितात. 'नऊ पंचेचाळीस, काठी, गुडघा. नऊ अठ्ठेचाळीस, लाल टोपी, चक्कर. नऊ बावन्न, निळी पिशवी, आजी, जळजळ. नऊ त्रेपन्न, हाताला फडकं.'

"त्या तुमच्या आई होत्या?" ताई म्हणाल्या. "अहो, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट विचारत होत्या, तुम्ही जेवता कधी."

फलकाखाली मंत्री येऊन उभे होते. अधीक्षकांनी मला बघितलं आणि लगबगीने आले.

"मॅडम, या ना, फोटोत तुम्ही हव्यात."

"सर, मला एका पेशंटची आगमनाची वेळ दुरुस्त करायचीय."

त्यांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना समजलं. इतक्या पटकन समजलं, की त्यांना आधीपासून माहीत होतं हे मलाही त्याच क्षणी समजलं. दोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

"आज?"

"आत्ता."

"संध्याकाळी करा. फीत कापू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मॅडम."

"वरचं टेबल मिळत नाहीय. आत माझी आई आहे."

"अरे, मग आधी सांगायचं ना," ते खरोखर कळवळून म्हणाले. "त्यांना ओळखीने आत घेतलं असतं."

मी खुर्ची ओढून पासवर्ड टाकला, दहा चव्वेचाळीसच्या जागी नऊ बावन्न लिहिलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'आधीची वेळ खोटी होती.' चौकट तेवढीच होती.

त्या दिवशी तोवर पंधरा जण तपासून झाले होते. चौदा जणांचे चार-चार आणि एकीचे छप्पन्न, एकूण एकशे बारा, भागिले पंधरा. फलकावर सात आला.

मंत्र्यांनी कात्री थांबवली. "हे आत्ता चार होतं ना?"

अधीक्षकांनी गाठीखाली झाकलेल्या अक्षरांकडे एक नजर टाकली. "अधूनमधून तापमान दाखवतं, साहेब."

तेवढ्यात सिस्टर स्ट्रेचर घेऊन बाहेर आली. वरून निरोप आला होता, साडूंना उतरवलंय, आणा. कुंड्यांमुळे स्ट्रेचर वळेना. तोंडाला ऑक्सिजन लावलेली आई मुखवटा बाजूला करून बाकांकडे बघायला लागली.

"तो फडकंवाला अजून तिथेच आहे," ती म्हणाली. "तो माझ्या पाठोपाठ आलेला."

"त्याला टाके घालायचेत, त्याला थांबता येईल. तू बोलू नकोस."

"मग त्याचं कधी लिहिणार? एकीचं खरं आणि बाकीच्यांचं खोटं, याला सरासरी म्हणत नाहीत."

"आई, मुखवटा लाव."

तिने लावला. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी माझ्या पासवर्डने उघडलेला संगणक बंद न करताच खुर्चीतून उठले होते, आणि ते माझ्या लक्षात होतं. ताईंनी वहीचं पान वरपासून उघडलं, चष्मा चढवला आणि एकेक ओळीची वेळ संगणकात भरायला सुरुवात केली.

लिफ्टचं दार बंद होताना मागून मंत्र्यांचा आवाज ऐकू आला.

"एक्कावन्न? इतकं तापमान?"

आईची शीर अकरा सव्वीसला उघडली. मुदत अकरा बावीसची होती. म्हणजे आम्हाला चार मिनिटं उशीर झाला. ही चार मिनिटं खरी होती, मी बाहेरच्या घड्याळात मोजली. शिरेने ती मनावर घेतली नाहीत. हृदयवाल्या डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं, स्नायू बराचसा वाचलाय, सगळा नाही. जो वाचला नाही तो कोणत्या वेळात गेला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही भागाकार येतो.

तिसऱ्या दिवशी मला पत्र आलं. विभागाची सरासरी एका दिवसात चारवरून एक्कावन्नवर कशी गेली, सत्तेचाळीस मिनिटांच्या या घसरणीला जबाबदार कोण, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. फलकावर 'तांत्रिक कारणास्तव बंद' असा कागद लागला होता. त्यामुळे आता लोक खिडकीशी जाऊन विचारतात, "किती वेळ लागेल?" आणि ताई सांगतात, "तास." काही जण चिडून जातात, काही बसतात. चेहरा पांढरा पडलेला दिसला, की ताई वही सोडून उठतात आणि सिस्टरला आतून ओढून आणतात. असं करा असं परिपत्रक कोणी काढलेलं नाही.

खुलासा मी वॉर्डात, आईच्या पलंगाशी बसून लिहिला. पानभर झाला. ती उशांना टेकून पेपर वाचत होती. पेपरात फीत कापतानाचा फोटो होता, फलक कोपऱ्यातून कापलेला.

"मंत्र्यांना बिचाऱ्यांना काय माहीत," ती म्हणाली. "त्यांना खालच्या लोकांनी फसवलं."

"आई, खालचे लोक म्हणजे मी."

"तेच म्हणते." तिने हात पुढे केला. "आण इकडे."

तिने कागद घेतला आणि पेन्सिल लावून वाचला. दुसऱ्या ओळीपाशी थांबली.

"'सदर पद्धत विभागात पूर्वीपासून प्रचलित होती.' पूर्वीपासून म्हणजे कधीपासून?"

"दोन वर्षं."

"कोणी सुरू केली?"

मी पलंगाच्या कडेवरचं चादरीचं टोक सरळ केलं.

"ते लिहिलं तर यंत्र परत नेतील," मी म्हटलं. "मलाही नेतील बहुधा, कुठेतरी लांब."

"माझी पट्टी त्याच यंत्रावर काढली ना?"

"हो."

"चांगलं यंत्र आहे. नेलं तर पुन्हा अर्ज कर. खरं कारण लिहून."

"खरं कारण लिहून तीन वर्षं केला होता."

"मग चौथं वर्ष." तिने माझ्या पानावर एक लांब, सरळ, तिरकी रेघ मारली. अशी रेघ तिने आयुष्यभर हजारो वह्यांवर मारली असेल. कागद उलटा करून कोरी बाजू माझ्यापुढे ठेवली आणि घड्याळ घातलेलं मनगट चादरीबाहेर काढलं.

मी पेन घेतलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा नातेवाईक विचारत होता, डॉक्टर राउंडला कधी येतात. कोणी तरी म्हणालं, येतीलच इतक्यात. मी लिहिलं, 'ही पद्धत मी सुरू केली आणि तिचे परिणाम मला माहीत होते.' मग त्याखाली सही केली.

"नऊ मिनिटं," आई म्हणाली. "एका वाक्याला."

तिच्या घड्याळाबद्दल मी वाद घातला नाही.